जुनं सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं

"सगळं प्रभूच्या हाती सोड" असं आपल्याकडे पटकन सांगितलं जातं, आणि चुकीचं नाहीच ते, पण ज्याच्या मनात खरंच काही सलतंय त्याला ते ऐकून अजून एकटं वाटतं कारण सोडायचं म्हणजे सकाळी उठून करायचं काय हे कुणी सांगत नाही. मी बायकांच्या प्रार्थना सभेत बरीच वर्षं आहे. सभा संपते, चहा होतो, सगळ्या निघतात आणि एखादी चपला घालता घालता थांबते, हळूच म्हणते की जरा बोलायचं होतं. बहुतेक वेळा विषय हाच असतो, काहीतरी जुनं आहे आणि ते जात नाहीये, प्रार्थना केली, उपास केला, तरी जात नाहीये. त्या सगळ्यांबरोबर बसून आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून जे हाती लागलं ते इथे लिहिते, करून बघता येईल अशा भाषेत.

आधी मनातला एक मोठा गैरसमज काढू. आठवण येणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायातलं प्रेषित पौलाचं वचन लोक लगेच तोंडावर मारतात, मागचं विसरून पुढचं बघ म्हणून. पण तोच पौल मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा, छळ केल्याचं दुसऱ्या पत्रांमध्ये स्वतः लिहितो, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य ह्याला लिहिताना सरळ सांगतो की मी आधी निंदक होतो, छळणारा होतो. त्याला सगळं आठवत होतं, फक्त ते त्याला मागे ओढत नव्हतं.

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाचंही तसंच. सतरा वर्षांचा असताना भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकला, मग मिसरात (इजिप्तमध्ये) पोटीफर नावाच्या मालकाच्या घरात खोटा आळ, मग तुरुंग, आणि तिसाव्या वर्षी फारो राजापुढे उभा. पहिला मुलगा झाला तेव्हा म्हणाला, देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. आणि मग दुष्काळात भाऊ धान्य न्यायला आले तर हाच माणूस बाजूला जाऊन रडला! एकदा नाही, उत्पत्तीच्या 42 व्या अध्यायापासून 50 व्यापर्यंत वाचत जा, तो पुन्हा पुन्हा रडतो. दुखत होतंच. पण बाप वारल्यावर भाऊ घाबरले की आता हा उट्टं काढणार, तेव्हा तो म्हणाला की मी काय देवाच्या ठिकाणी आहे का. न्याय करायची खुर्ची त्याने देवाला देऊन टाकली होती, त्याच्याकडे अख्ख्या मिसरची सत्ता असताना. माझ्या मते सोडणं म्हणजे हेच, ज्या जागी आपण बसायला नको होतं तिथून उठणं.

आधी बघा, कुठल्या प्रकारचं जुनं आहे

हे काम लोक गाळतात आणि म्हणून गुंता सुटत नाही. मनात अडकलेलं साधारण तीन प्रकारचं असतं, मी केलेलं पाप, माझ्यावर झालेला अन्याय, आणि जे हातातून गेलं ते, म्हणजे माणूस, लग्न, तब्येत, नोकरी, काहीही. तिघांची वाट वेगळी आहे. पापाला कबुली लागते, अन्यायाला क्षमा आणि कधीकधी तक्रार पण लागते, आणि गमावलेल्याला रडणं लागतं. आपण काय करतो, लहानपणी जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी देवाकडे स्वतःसाठी माफी मागत बसते, आणि ज्याने भावाचे पैसे बुडवले तो म्हणतो की झालं गेलं विसरून जाऊ, प्रभू बघून घेईल. दोन्ही उलट झालं.

म्हणून एक साधा कागद घ्या, मोबाईल नको, आणि एकच वाक्य लिहा की नेमकं काय घडलं. "माझं नशीब वाईट" असलं मोघम नको. कुणी, काय, केव्हा. आमच्याकडे एक ताई यायच्या, बाजारच्या गावाला राहतात, त्यांनी लिहिलं, "मी आईला दवाखान्यात उशिरा नेलं." एवढंच. त्या ह्या एका गोष्टीची माफी वर्षानुवर्षं मागत होत्या, प्रत्येक प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आधी. मी विचारलं की ताई, उशीर का झाला. तर म्हणाल्या, आईच सांगायची नाही, पोट दुखायचं तर ओवा खाऊन पडून राहायची आणि म्हणायची एवढा कांदा काढून होऊ दे मग बघू. मग त्या गप्प बसल्या, कागदाकडे बघत. थोड्या वेळाने स्वतःच पेन घेतलं, वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, "आई गेली आणि मला तिची आठवण येते." त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळं रडल्या. त्या इतकी वर्षं दुःखाला पाप समजून धुवायला बसल्या होत्या, आणि दुःख धुतलं जात नाही ना.

कागद लिहून झाला की तो मोठ्याने देवाला वाचून दाखवा. स्तोत्र 62 मध्ये म्हटलंय की त्याच्यापुढे मन मोकळं करा. मोकळं म्हणजे मोकळं, सजवून नाही. चर्चमध्ये बोलतो ती भाषा इथे नको, घरात आईशी बोलतो ती चालेल.

मीच केलं असेल तर

इथे फार लांबण लावायची गरज नाही कारण शास्त्र फार स्पष्ट आहे. 1 योहान 1:9, आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. कबुली नावानिशी द्या. कॅथलिक असाल तर फादरांकडे जाऊन कबुलीचा संस्कार घ्या, तो त्याचसाठी आहे, बाकीच्यांनी एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसासमोर बोला, याकोबाने पण त्याच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय.

पण कबुलीनंतर जे द्यायचं आहे ते द्या. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू आला तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशू त्याला म्हणाला नाही की राहू दे रे, आता काय त्याचं. उलट म्हणाला की आज ह्या घराला तारण झालंय. तर उसने घेतलेले पैसे असतील तर हप्त्याने का होईना परत करा, कुणाची बदनामी केली असेल तर ज्यांच्यासमोर केली त्यांच्यासमोर दुरुस्त करा. एक अपवाद मात्र मनापासून सांगते, तुमच्या माफी मागण्याने समोरच्याचा संसार मोडणार असेल किंवा त्याची जखम पुन्हा उघडणार असेल तर फक्त स्वतःला हलकं वाटावं म्हणून जाऊ नका, आधी शहाण्या माणसाला विचारा.

आणि कबुली, भरपाई सगळं करूनही लाज जात नाही असं असेल तर येशूचा शिष्य पेत्र ह्याचं वाचा. येशूला धरून नेलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असताना त्याने येशूला तीनदा नाकारलं, मी त्याला ओळखत नाही म्हणून. योहानाच्या 21 व्या अध्यायात मेलेल्यांतून उठलेला प्रभू समुद्राकाठी त्याला भेटतो तर तिथे पण कोळशाचा विस्तव पेटवलेला आहे, मासे आणि भाकर आहे, आधी सगळ्यांना खायला घातलं आणि मग तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का. "तेव्हा का पळालास" हे एकदाही विचारलं नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ. ज्या माणसाला देव काम देतोय त्याने स्वतःला रिजेक्ट करत बसायचं नाही.

दुसऱ्याने केलं असेल तर

हे सगळ्यात अवघड आणि ह्याच विषयात आपल्या लोकांना सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो.

क्षमा करणं ही येशूची आज्ञा आहे, त्यातून सुटका नाही, सातदा नाही तर सत्तर गुणिले सात असं त्याने पेत्राला सांगितलं, मत्तय 18. पण तोच अध्याय थोडा वरून वाचा ना! तिथे तोच येशू सांगतो की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमा आणि गप्प बसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला क्षमा करणं म्हणजे त्याच खोलीत परत जाऊन मार खाणं असा अर्थ कुणी काढत असेल तर तो शास्त्रात नाही. मारहाण असेल, लैंगिक त्रास असेल, तर क्षमेच्या आधी सुरक्षित जागा. 112 वर पोलिसांना फोन करा, बायकांसाठी 181 आहे, लहान मुलांसाठी 1098. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात सूड देवावर सोडा म्हटलंय आणि लगेच पुढच्या 13 व्यात लिहिलंय की अधिकारी हा वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारा देवाचा सेवक आहे. तक्रार करणं म्हणजे सूड घेणं नाही, मनावर कुणीही हे दडपण घेऊ नका.

मग क्षमा म्हणजे काय. तो मला देणं लागतो आणि ते वसूल करायचा हक्क मी देवाच्या हवाली करतेय, एवढं. प्रेम वाटायला पाहिजे असं नाही, विश्वास परत बसायला पाहिजे असं तर मुळीच नाही, विश्वास त्या माणसाने मिळवायचा असतो.

करायचं कसं, तर जमिनीच्या वाटणीचं उदाहरण घेते कारण अर्ध्या घरांत तेच आहे, आणि ख्रिस्ती घरं काही त्याला अपवाद नाहीत. समजा थोरल्या भावाने वडिलांचा अंगठा घेऊन घर नावावर करून घेतलं. आता प्रार्थना अशी करा:

"प्रभू, दादाने घर स्वतःच्या नावावर केलं. ते चुकीचं होतं. मला राग आहे आणि आईच्या वर्षश्राद्धासारख्या दिवशी पण, म्हणजे तिच्या आठवणीच्या प्रार्थनेला पण, आम्ही एका रांगेत बसलो नाही ह्याचं दुःख आहे. त्याला शिक्षा मी देणार नाही, त्याचं वाईट व्हावं असं मी चिंतणार नाही. तू बघ. कोर्टात जे व्हायचं ते सरळ मार्गाने होऊ दे आणि माझं मन कडू होऊ देऊ नकोस."

बघा, ह्यात "त्याने काही केलंच नाही" असं म्हटलेलं नाही आणि केस मागे घेतो असंही म्हटलेलं नाही. हक्काचं मागत राहा, फक्त द्वेष घेऊन झोपू नका. मग हातापायाने करायच्या गोष्टी करा, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघणं बंद करा, नातेवाइकांकडून त्याची खबर काढणं बंद करा, लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत तोच विषय निघाला की उठून वाढायला लागा. राग ह्या खाऊवरच जगतो.

आणि आठवड्याने राग परत येईल, शंभर टक्के येईल, एखादा फोटो दिसेल आणि सगळं परत वर येईल. तेव्हा "माझी क्षमा खोटीच होती" असं समजू नका. सत्तर गुणिले सात हे एकाच अपराधासाठी पण लागू शकतं असं मला वाटतं. पुन्हा तेच वाक्य, प्रभू, हे मी तुला दिलंय, परत घेत नाही. काही लोकांना हे दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं आणि त्यात कमीपणा नाही.

जे गेलं ते गेलं असेल तर

इथे माफी पण नाही आणि तक्रार पण नाही, म्हणून माणूस अडकतो. गेलेल्याबद्दल रडायला आपल्याकडे वेळच देत नाहीत, तो प्रभूकडे गेला, चांगल्या जागी आहे, रडू नकोस. अहो लाजर ह्या मेलेल्या मित्राला आता जिवंत उठवणार हे माहीत असून येशू स्वतः रडला. स्तोत्रसंहितेत 88 वं स्तोत्र आहे, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी हालेलूया नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी स्तुतीचं गाणं तोंडातून निघत नाही त्या दिवशी ते वाचा, मोठ्याने.

भरवसा ठेवणारं माणूस कसं दिसतं हे बघायचं तर मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात भटकताना आईवडील गेले, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात मुलगी मनोरमा, वर्षभराचीही नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इथे केवढी टीका झाली. आणि मग 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई, जिने स्वतः उपाशीपोटी आईबापांना मरताना पाहिलं होतं, ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली शोधून शोधून केडगावला घेऊन आली, निराधार बायकामुलींसाठीचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. दुष्काळ ती विसरली असती तर गेलीच नसती असं मला राहून राहून वाटतं. तिने जुनं दुःख देवाच्या हातात दिलं आणि देवाने तेच तिच्याकडून कामाला लावलं. पुढे 1921 मध्ये मनोरमा पण गेली, एकुलती एक, आणि रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करतच राहिल्या, 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत. तुम्ही आम्ही रमाबाई नाही, पण एक करता येतं, जे दुःख तुम्हाला आतून माहीत आहे त्याच दुःखातल्या एका माणसाकडे जाऊन बसा. बोलायची पण गरज नाही. मूल गेलेली आई दुसऱ्या तशाच आईशेजारी बसते तेव्हा जे होतं ते कुठल्याच प्रवचनाने होत नाही.

चांगल्या दिवसांची आठवण पण बेडी होऊ शकते हे सांगायला हवं. मिसरातल्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात रडत होते, मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून. गुलामीत होतो हे विसरले, कांदे तेवढे लक्षात राहिले. जुन्या नात्याकडे परत जावंसं वाटतं तेव्हा गणना 11 वाचा.

भरवसा रोजचा असतो

"पुढच्या सगळ्या आयुष्याचं टेन्शन आज देवावर टाकलं" असं होत नाही कुणाचं. त्याच रानात इस्राएल लोकांसाठी देव आकाशातून अन्न पाडायचा, मान्ना, तो रोजच्या रोज पडायचा, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा. भरवसा पण तितकाच, आजचा. सकाळी उठल्यावर आजच्या दिवसातली एकच भीती नाव घेऊन देवाला सांगा, मुलाची फी, डॉक्टरांचा रिपोर्ट, ऑफिसात त्या माणसाचं तोंड बघणं, जे असेल ते. रात्री त्याचं काय झालं ते दोन ओळीत लिहून ठेवा, चांगलं वाईट दोन्ही. काही महिन्यांनी ती वही उघडली की देवाने कुठे कुठे धरलं होतं ते तुमच्याच अक्षरात दिसतं. इस्राएलांचा पुढारी यहोशव ह्याने यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून रचले होते ते ह्याचसाठी, मुलांनी विचारलं की सांगता यावं. जुनं सगळंच टाकायचं नसतं, देवाने केलेलं सांभाळून ठेवायचं असतं.

रात्री दोनला डोळे उघडले आणि चक्र सुरू झालं तर अंथरुणात लढत बसू नका. उठा, पाणी प्या, दिवा लावा, 23 वं किंवा 121 वं स्तोत्र ओठ हलवून वाचा, मनातल्या मनात नको कारण मनात तर चक्र चालूच आहे. फोन हातात घ्यायचा नाही.

आणि शरीराकडे बघा. संदेष्टा एलीया झुडपाखाली जाऊन म्हणाला, प्रभो पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला तेव्हा उपदेश केला नाही, झोपू दिलं, देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत खायला दिलं, आणि बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. झोप नाही, भूक नाही, रोज मरणाचे विचार येतात असं असेल तर डॉक्टरकडे जायलाच पाहिजे, त्याने विश्वास कमी होत नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, कधीही फोन करा, मराठीत बोलतात.

कुणाजवळ बोलायचं

एकट्याने हे सगळं करू नका पण माणूस जपून निवडा. आपल्याकडे एक वाईट सवय आहे, कुणाचं गुपित "प्रार्थनेचा विषय" म्हणून ग्रुपवर टाकायची, "अमुक बहिणीच्या घरी असं असं झालंय, प्रार्थना करा", आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीला माहीत. म्हणून आधी बघा की तो माणूस तुमच्यासमोर दुसऱ्यांचं काय काय बोलतो. जो दुसऱ्याचं तुम्हाला सांगत नाही तो तुमचं दुसऱ्याला सांगणार नाही. पाळक (पास्टर) असतील, पाळकबाई असतील, एखादी म्हातारी आजी असेल जिला फार बोलता येत नाही पण गुडघे टेकता येतात. पहिल्या भेटीत सगळं सांगू नका, थोडं सांगा आणि महिनाभर थांबून बघा की ते कुठून फिरून तुमच्याच कानावर येतं का. नाही आलं तर पुढच्या वेळी तो लिहिलेला कागद घेऊन जा.